मंजुरीची रिकामी चौकट

सरांच्या प्रत्येक चित्रात उजव्या कोपऱ्यात, खाली, तीन छोट्या चौकटी असत. यंत्राच्या ड्रॉइंगवर असतात तशाच. पहिलीवर लिहिलेलं असे 'रेखाटन', दुसरीवर 'तपासणी', तिसरीवर 'मंजुरी'. पहिल्या चौकटीत सरांची बारीक सही. दुसरीत कधी माझी, कधी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या कागदवाल्या साईंची. तिसरी कायम रिकामी. ती बाईंसाठी राखलेली होती. बाई म्हणजे सरांच्या पत्नी. उभ्या संसारात बाईंनी त्या चौकटीत एकदाही सही केली नाही, आणि सरांनी ती चौकट आखणं कधी सोडलं नाही.

सर गेले त्याला आता काही महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायला मी बरेचदा बसले आणि उठले. सलग असं काही आठवत नाही. आठवतो तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कंपासचं टोक लागून लागून उसवलेला खिसा, ब्लेडने पेन्सिल तासताना पुढे आलेला खालचा ओठ. आणि चित्रं. सरांनी दुसऱ्या कुणासारखं दिसेल असं एकही चित्र काढलं नाही, त्यामुळे चित्रं विसरता येत नाहीत.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका तंत्रनिकेतनात ते ड्रॉइंग शिकवत आणि मी ग्रंथालय सांभाळत असे. खिडकीखाली जीन्स शिवण्याचे गाळे होते. दिवसभर मशिनींची घरघर चाले आणि दुपारी निळ्या पाण्याचे ओघळ गटारातून वाहत. अशा ठिकाणी वाचायला कोण येणार? सर यायचे. वाचायला नव्हे. काउंटरवर एक शीट पालथी ठेवायची, इकडेतिकडे पाहायचं, आणि पत्ता उलटावा तशी ती उलटायची.

पहिल्यांदा उलटली तेव्हा तिच्यावर शेअर रिक्षा होती. रिक्षा अगदी मापात काढलेली, टायरच्या नक्षीसकट. आत मागच्या सीटवर एक देवमासा बसला होता. मावला नसल्यामुळे त्याची शेपटी मागून बाहेर आली होती, आणि सीटच्या आड गेलेला त्याचा भाग सरांनी तुटक रेषेने दाखवला होता, कारण ड्रॉइंगचा तो नियमच आहे: जे आहे पण दिसत नाही, ते तुटक रेषेने दाखवायचं. रिक्षावाला बाहेर उभा राहून ओरडत होता, "एक सीट, एक सीट!"

'शांतता राखा' या पाटीखाली बसून मी मोठ्याने हसले.

"का हसलात?" सरांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. परीक्षकाचा चेहरा होता.

मी पुस्तकांत वाढलेली. म्हणाले, "सर, हे आपल्या वाहतुकीवरचं मार्मिक भाष्य आहे."

त्यांनी शीट हळूच काढून घेतली. "मग नाही जमलं," म्हणाले आणि निघून गेले.

त्यांचा नियम मला पुढे कळला. चित्र पाहून माणूस हसला नाही, तर चित्र नापास. हसला आणि का हसला ते सांगू शकला, तरीही नापास. हसला आणि विचारल्यावर तोंड उघडून तसाच राहिला, तरच पास. दुसऱ्या वेळी त्यांनी एका बागेचं चित्र आणलं. सकाळी फिरायला आलेले दोन गृहस्थ समोरासमोर थांबलेत. दोघांच्या हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला एकेक छताचा पंखा. पंखे एकमेकांना हुंगतायत. मी हसले. "का?" मी पुष्कळ शोधलं, पण सापडेना. सरांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "तपासणीत सही करा, मॅडम." नोकरीत मला एवढ्या आदराने कुणी सही मागितली नव्हती.

"शहाण्या माणसाला दिवसातून एकदा तरी काहीतरी कळलं नाही पाहिजे," असं ते म्हणत. हे वाक्य ते गमतीने म्हणत नसत. दुसरे लोक पथ्यपाणी सांगतात त्या सुरात म्हणत.

एकदा कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांची चित्रं मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरात लावली. त्यात सोसायटीच्या वार्षिक सभेचं चित्र होतं: हॉलभर खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर एक खुर्ची बसलेली, कुणी पायावर पाय टाकून, कुणी हात वर करून. मुलं गंभीरपणे पाहत उभी राहिली. एक मुलगी म्हणाली, "मग पुढे काय झालं?" कुणी हसलं नाही. मला वाटलं, सर हिरमुसतील. ते मात्र खुशीत होते. परतताना म्हणाले, "त्यांना यात वावगं काय दिसणार? त्यांच्या जगात खुर्ची बसू शकते. आपण सभांना बसून बसून विसरलोय. हसू यायला आधी बरीच वर्षं रांगेत काढावी लागतात."

मी त्यावर पुढे फार विचार केला. मोठी माणसं दिवसभर कारणं देत असतात. उशीर का झाला, रजा का हवी, मुलाला हाच कोर्स का, हाच डॉक्टर का. कारण न देता घडू शकणारी गोष्ट मोठ्यांच्या आयुष्यात जवळजवळ उरत नाही. सरांच्या एका चौकटीत ती मिळायची. तीही एकच क्षण. मागचं-पुढचं काही नाही. देवमासा रिक्षात कसा आला, कुठे उतरणार, हे कुणाला सांगायचं नाही आणि कुणाला विचारायचंही नाही.

कागदवाले साईं हे त्यांचे दुसरे तपासनीस. कॅम्प दोनच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. ड्रॉइंग शीट, लग्नपत्रिकांचे जाड कागद, पतंगाचा कागद, सगळं एकाच फळीवर. गिऱ्हाईक कितीही असो, सर आले की साईं गल्ल्यावरून हात उचलत. "आओ मास्तर. आज क्या जनावर लाए?"

सरांनी डेंटिस्टकडच्या वेटिंगरूमचं चित्र पुढे केलं. बाकावर चार माणसं गाल धरून बसलेली आणि त्यांच्यामध्ये एक प्रेशर कुकर. तोही आपला नंबर यायची वाट पाहत.

साईं पोट धरून हसले. बाजूचं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अहो शेठ, माझे कागद!"

"रुको भाई, परीक्षा चालू आहे."

"का हसलात, साईं?"

साईंनी डोळे पुसले. "ये कुकर ना, मेरे साडू जैसा है. वैसाच बसतो. बोलत काय नाही, आणि कधी फुटेल भरोसा नाही."

सरांनी शीट गुंडाळली. "नापास."

"अरे मास्तर! हसलो ना मी!"

"साडू मध्ये आला."

"तो हर जगह मध्येच येतो," साईं खिन्नपणे म्हणाले. "मैं क्या करूं."

तर हे सगळे पूर्वपरीक्षेचे लोक. सर म्हणत, "तुम्ही सगळे प्रिलिम. फायनल घरी."

घरी बाई होत्या. मी त्यांना सरांच्या आधीपासून ओळखत होते. अंबरनाथच्या शाळेत त्यांनी मला भूमिती शिकवली. भूमितीच्या सिद्धतेत वहीच्या पानाचे दोन भाग पाडायचे असतात, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. बाई उत्तरपत्रिका तपासताना डावीकडे बघतच नसत. उजवा रकाना रिकामा दिसला की लाल पेनाने त्यावर आडवी रेघ. "दोन कोन सारखे आहेत हे मलाही दिसतंय. का आहेत ते सांग. दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही." सबंध वर्गाला त्यांचा धाक होता, आणि तरीही त्या आवडायच्या, कारण त्यांना स्वतःला कारण माहीत नाही असं कधी झालं नाही.

अशा बाईशी सरांनी लग्न केलं होतं, आणि विनाकारण हसण्याची परीक्षा ते तिच्याकडे द्यायला जात होते.

ही परीक्षा मी पुष्कळदा पाहिली. बदलापूरला त्यांचं घर तेव्हा नदीच्या अंगाला, तळमजल्यावर होतं. मी गेले की बाई पोहे करत. सर शीट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. बाई हात पुसून, चष्मा लावून चित्र पाहत. टाळायच्या नाहीत, उडवून लावायच्या नाहीत. नीट पाहायच्या. मग म्हणायच्या, "बाकावरचा पहिला माणूस म्हणजे तुमचे नानामामा. दाढ दुखली की असेच बसायचे. कुकर आपला आहे, शिट्टी तिरकी आहे ना. परवा ती दुरुस्तीला टाकायला गेलात, तिथे शेजारी दातांचा दवाखाना आहे. हं. बसा, पोहे गार होतायत."

सर चौकटीकडे एकदा पाहत आणि शीट गुंडाळत. वाद घालत नसत. त्यांच्या खालच्या ओठावरून मात्र कळायचं.

बाई हसऱ्या नव्हत्या असं कुणी समजू नये. शेजारीण भाजीवाल्याची नक्कल करायची तेव्हा बाई हसून हसून खाली बसायच्या. मुलाच्या लहानपणच्या गोष्टी सांगताना हसायच्या. फक्त सरांच्या चित्रांना हसू यायचं नाही. मला ते अन्यायाचं वाटायचं. एकदा मटार सोलताना मी धीर करून विचारलं, "बाई, एकदा सही केलीत तर काय बिघडेल? किती वाट बघतात ते."

बाईंनी हातातली शेंग पूर्ण सोलली. "खोटी सही करू? उत्तरपत्रिकेवर कधी केली का मी?"

"पण तुम्हाला खरंच हसू येत नाही?"

"अगं, येणार कुठून? त्यांच्या डोक्यात काय शिरलं, कुठल्या दारानं शिरलं, ते मला आधीच दिसतं. परवा ते पंखे काढले ना, आपला पंखा दुरुस्तीला नेताना वायर धरून नेला होता त्यांनी. मी खिडकीतून बघत होते. तेव्हाच मला कळलं, आता हे काढणार." त्यांनी पुढची शेंग उचलली. "तुम्ही लोक हसता कारण तुम्हाला माहीत नसतं. मला सगळं माहीत असतं. त्यांना सांग, एकदा तरी मला न कळेल असं काहीतरी काढा म्हणावं. मी वाटच बघतेय."

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की त्या चौकटीची वाट दोघंही बघत होते.

मी हा निरोप सरांना दिला. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "कठीण आहे," म्हणाले. "मी तिच्या घरात राहतो."

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्यांना एकदा पत्र पाठवलं. चित्रं सुंदर आहेत, पण वाचकांना बोध होण्यासाठी खाली एखादी ओळ द्यावी. सरांनी नकार दिला. मी म्हणाले, "सर, एका ओळीनं काय होतं? नाव होईल." ते म्हणाले, "खुलासा वाचून माणूस हसत नाही, मॅडम. मान डोलवतो. मान डोलवायला लोकांकडे पुष्कळ गोष्टी आहेत." त्यांची चित्रं कधीच कुठे छापून आली नाहीत. त्याचं त्यांना दुःख होतं असं मला वाटत नाही. छापील अंकात मंजुरीची चौकट संपादकाने भरली असती, आणि ती त्यांना दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती.

मग नदीला पूर आला. बदलापूरला पश्चिमेच्या लोकांना पूर सांगावा लागत नाही. पाणी जिना चढत नाही, सरळ दारातून आत येतं, घरचंच असल्यासारखं. पाणी वाढू लागलं तेव्हा बाईंनी कागदपत्रांची पिशवी घेतली आणि वर शेजाऱ्यांकडे गेल्या. सरांना म्हणाल्या, "कपाटातलं खालचं घेऊन या." कपाटाच्या खालच्या खणात फोटोंचे अल्बम होते, आणि कपाटाखाली सरांची चित्रं. सर छातीभर पाण्यातून वर आले ते चित्रांची नळकांडी डोक्यावर धरून.

हे बाईंनीच मला सांगितलं. अल्बम ओल्या चिखलाच्या विटा होऊन निघाले. लग्नाचे, बारशाचे, सहलींचे. "लग्न वाहून गेलं आणि देवमासा वाचला," त्या म्हणाल्या. सर मान खाली घालून बसले होते. "मी तेच खालचं समजलो," एवढंच म्हणाले. बाईंच्या रागाला आवाज नसे. त्या पुष्कळ दिवस चित्रं पाहायला चष्मा लावत नव्हत्या.

पुढे ते पूर्वेला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. एका संध्याकाळी बाई सहज म्हणाल्या, "घरात आता तुमचा एकही फोटो नाही. उद्या काही झालं तर भिंतीवर काय लावायचं?" सर उठले, ड्रॉइंगच्या पाटासमोर बसले आणि त्यांनी पेन्सिलीने स्वतःचा फोटो काढला. पासपोर्टसाठी काढतात तसा. समोरून, दोन्ही कान दिसतील असा, पार्श्वभूमी पांढरी. शर्ट अर्ध्या बाह्यांचा, खिशात पेन. मानेपासून वर उंट.

मी त्या दिवशी तिथे होते. मला इतकं हसू आलं की पाणी प्यावं लागलं. विचारल्यावर कारण सांगता येईना. मी सही केली. सरांनी ती शीट दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली. पुरानंतर बाईंनी पहिल्यांदा चष्मा लावला.

"शर्ट तुमचा," त्या म्हणाल्या. "खिसा उसवलाय तोही काढलाय. मी शिवला नाही म्हणून दाखवताय. आणि उंट कारण तुम्ही दिवसदिवस पाणी पीत नाही, मी ओरडते." मग जरा मऊ आवाजात, "डोळे चांगले जमलेत." आणि चष्मा काढला.

सर म्हणाले, "कळलं म्हणजे."

"कळलं."

त्यानंतर कुणीही फोटो मागितला की ते तोच उंट देत. मुलगा पुण्याहून यायचा, मोबाइल रोखायचा, तर हे तोंडासमोर वर्तमानपत्र धरत. सोसायटीने सभासदांचे फोटो मागवले तेव्हाही त्यांनी उंटच स्कॅन करून पाठवला. सेक्रेटरींनी तो न उघडताच त्यांच्या नावाने ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवून दिला.

सर दुपारी जेवून पाटासमोर बसले असताना गेले. बाईंना वाटलं, पेन्सिल तासतायत. मी पोचले तेव्हा कागदावर फक्त बाहेरची चौकट आणि कोपऱ्यातल्या तीन चौकटी आखलेल्या होत्या. ते नेहमी चित्राआधी चौकटी आखत.

बाई रडल्या नाहीत. माणसं येत, बसत, "चांगलं मरण आलं, हालहाल झाले नाहीत," असं म्हणत, आणि बाई मान डोलवत. मला सरांचं खुलाशाबद्दलचं वाक्य आठवे. दोन-चार दिवसांत लोकांनी बाईंना मरणाची सगळी कारणं पुरवली: वय, हृदय, जिना, हवा. उजवा रकाना भरून वाहत होता. त्या माझ्याशी एकच वाक्य बोलल्या, "मी ओरडले की पाणी प्यायचे तरी." मी हात धरून बसले. मुलगा आतबाहेर करत होता.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठरली. आमच्याकडे माणूस गेला की गेटवर फ्लेक्स लागतो. तो नाही लागला तर घरच्यांना कुणी नाही असं दिसतं. सेक्रेटरी सरांना मानत. त्यांनी रडत रडतच कॅम्प तीनमधल्या फ्लेक्सवाल्याला मजकूर सांगितला आणि कॉम्प्युटरमधली सरांच्या नावाची फाइल पाठवून दिली. उघडून पाहिली नाही. गेलेल्या माणसाचा फोटो कोण तपासून बघतं?

सभेच्या दिवशी मी बाईंना हाताला धरून खाली आणलं. गेटपाशी माणसं जमली होती. त्यांच्यामधून मुलाचा चढलेला आवाज येत होता. तो फोनवर बोलत होता, स्पीकर चालू होता.

"अहो, हे काय छापलंय तुम्ही?"

"क्यों साहब? नाव चुकलं का?"

"उंट आहे हा!"

"हां, उंटच आहे. जो फोटो भेजा वही लगाया."

"माझे वडील आहेत ते!"

पलीकडचं मशिन बंद झालं. "साहब, माफ करना. हम बैल का बहुत बनाते हैं. शर्यतीचा बैल गेला की तुमच्या साइडचे लोक बॅनर लावतात ना. बैलाचं नाव सरपंच असतं, मेजर असतं, मागे घरचं आडनाव पण लावतात. घरचाच असतो तो. हमको लगा, किसी ने प्यार से उंट पाला होगा, सर बोलते होंगे."

मी वर पाहिलं. गेटच्या कमानीला बांधलेला फ्लेक्स आमच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत खाली आला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. निळे ढग, दोन्ही बाजूंना समया. मधोमध अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला उंट, मस्तकामागे सोनेरी तेज, गळ्यात झेंडूचा हार. नावाआधी 'कैलासवासी'. खाली 'शोकाकुल, सर्व सभासद'. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या आजी चप्पल काढून त्याच्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि पुटपुटल्या, "फार सज्जन माणूस."

"आत्ताच्या आत्ता दुसरा करून द्या," मुलगा म्हणत होता.

"देतो साहब, फुकट देतो," फ्लेक्सवाला कळवळून म्हणाला. "लेकिन काम में कमी नहीं रखी है. मान लंबी थी ना, तो दो हार जोड़ने पड़े."

माझ्या हातातला बाईंचा हात हलला. मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय. त्यांनी पदर तोंडाशी नेला होता आणि खांदे गदगदत होते. बायका पुढे सरसावल्या. "रडू द्या त्यांना," एक म्हणाली, "मोकळं होऊ द्या." कुणीतरी पाठीवरून हात फिरवू लागलं. मग पदर खाली आला आणि सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. बाई हसत होत्या. आवाज करून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत, भाजीवाल्याच्या नकलेलाही हसल्या नसतील एवढं.

"आई," मुलगा घाबरून म्हणाला. "आई, अगं..."

"दोन हार," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसू लागल्या.

जरा वेळाने श्वास लागला म्हणून त्या थांबल्या. मी विचारायला नको होतं कदाचित, पण तिथे ते विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"का हसलात, बाई?"

त्यांनी माझ्याकडे वर्गातल्यासारखं पाहिलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं. फ्लेक्सकडे पाहिलं, आजींच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. "शर्ट मला माहीत आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "खिसा माहीत आहे. उंटही माहीत होता." मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"पेन आहे का गं तुझ्याकडे?"

मी पर्समधून पेन काढून दिलं. तोवर मला दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं होतं. फ्लेक्सवाल्याने चित्रातलं काहीच कापलं नव्हतं. उंटाच्या उजव्या कोपऱ्यात खाली त्या तीन चौकटी होत्या, आता तळहाताएवढ्या झालेल्या. पहिलीत सरांची सही. दुसरीत माझी. तिसरी रिकामी.

बाईंनी चष्मा लावला आणि त्या चौकटीवर पेन टेकवलं. फ्लेक्सवर पेन उठत नाही. शाई सरकून गेली. त्यांनी परत टेकवलं, जोर दिला, आणि तसंच लिहीत गेल्या, उत्तरपत्रिकेवर करायच्या तशी पूर्ण सही, शेवटी खाली रेघ आणि रेघेखाली टिंब. काही उमटलं नाही. फक्त दाबाचा वळ राहिला.

मुलाने फोन बंद केला. फ्लेक्स त्याने काढला नाही. दहाव्यापर्यंत तो गेटवर होता. सकाळचं ऊन तिरपं आलं की त्या चौकटीतली सही वाचता यायची.